स्वखुशीने सोडलेली जागा

पुणे
८ जानेवारी २०२४

रुख्मिणीकाकूंना रूपालीचा साष्टांग नमस्कार.

रविवारी फोन केला होता. तुम्ही तीनदा "कोन बोलून राह्यलं?" म्हणालात आणि ठेवून दिलात. चाळीस वर्षं पिठाच्या चक्कीशेजारी उभं राहिल्यावर कान तरी किती साथ देणार? म्हणून पत्र लिहायला बसले. शाळा सुटल्यापासून इतकं लांब पत्र लिहिलेलं नाही, चुका पोटात घाला.

बाबांना जाऊन आता दोन वर्षं होतील. रस्त्यावरचे दोन्ही गाळे, तुमची चक्की आणि शेजारचं जगदेवभाऊंचं शिलाईचं दुकान, माझ्या नावावर झाले. पण मी इथे पुण्यात, माझं तिकडे लक्षच राहिलं नाही. दिवाळीत कारंज्याला आले होते तेव्हा एका इंजिनिअरला दाखवून घेतलं. तो म्हणतो, मागची भिंत धोक्याची आहे. ती पावसाळ्यात किती ओलावते हे तुम्हाला माहीतच आहे. उद्या काही बरंवाईट झालं तर बाबांच्या नावाला काय राहील?

तेव्हा असं ठरवलंय की दोन्ही गाळे रिकामे करून नीट बांधून घ्यायचे. सहा-आठ महिन्यांचा प्रश्न आहे. काम झालं की तुमची जागा तुम्हाला, जगदेवभाऊंची त्यांना.

सोबत दोन कागद आहेत, एक तुमच्या सहीसाठी, एक त्यांच्या. "स्वखुशीने जागा सोडत आहोत" वगैरे लिहिलंय, ती वकिलांची भाषा असते, मनावर घेऊ नका. जगदेवभाऊंशी तुम्हीच बोलाल का? माझं ते ऐकतील न ऐकतील. तुम्ही सांगितलं तर नाही म्हणणार नाहीत.

पवनला आशीर्वाद. त्याच्या नोकरीचं कुठे जमलं का?

तुमची
रूपाली


कारंजा
२९ जानेवारी २०२४

चि. रूपालीले काकूचे आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं तवा मी ज्वारी दळून राह्यली होती. पिठाच्या हातानंच फोडलं, म्हणून त्याच्यावर आता माह्या बोटाचे ठसे हायेत. सातवी शिकली त्याचा आज उपेग झाला. नाहीतर कोनाकडून वाचून घेतलं असतं तं गावभर झालं असतं.

माह्या कागदावर म्या सही केली. जगदेवभाऊचं सांगते.

त्याले काल दुपारी पत्र वाचून दाखवलं. तो शाळेचे गणवेश कापून राह्यला होता. ऐकलं, कात्री खाली ठेवली आन् म्हणे, "वहिनी, भिंत ओली हाय हे मले मालूम हाय. पन ओल्या भिंतीले पलस्तर करतेत, दुकान खाली नाही करत."

म्या म्हनलं, "इंजिनिअरनं पाह्यलं म्हनते पोरगी."

"कवा पाह्यलं? मी तं रोज अथीच बसून राह्यतो."

"जेवाले गेला असशीन तवा आला असन."

मंग त्यानं आपल्या बापाची गोष्ट काढली. तुले मालूम नसन, तू तवा जन्मली बी नव्हती. त्याचा बाप आधी विहाराजवळ घरीच मशीन चालवे. ह्या रस्त्यावर त्यायच्या वस्तीतल्या एकाचं बी दुकान नव्हतं. तुह्या बाबानं जागा देली तं चार लोक घरी आले, म्हणे, दौलतराव, जरा इचार करा. दौलतरावभाऊनं त्यायले च्या पाजला आन् वापस लावलं. पयल्या दिवशी त्याच्या बापाकडे एक बी गिऱ्हाईक आलं नाही. सांजच्याले तुह्ये बाबा सोता सदऱ्याचं माप द्याले गेले. "त्या दिवसापासून हे दुकान एक दिवस बंद नाही वहिनी," म्हणे, "बाप मेला तवाचे तीन दिवस सोडून."

म्या त्याले समजावलं. म्हनलं, पोरगी आपल्या आंगनात खेळून मोठी झाली. दौलतरावाची पोरगी हाय, फसवणार हाय का? सहा महिने लोटले की नवी जागा, नवी भिंत.

त्यानं तो कागद पुरा वाचला. मंग पेन मांगला. "सही करतो," म्हणे, "पन तुमच्या शब्दावर करून राह्यलो वहिनी, त्या कागदाच्या शब्दावर नाही."

दोन्ही कागद सोबत पाठवले हायेत. पवन घरीच हाय. लग्नाचं पाहावं तं पोरीवाले पयले नोकरी इचारतेत.

आपल्या रस्त्यावर आणखीन एक बँक आली. भांड्याचं दुकान होतं त्या जागी. बांगड्यावाल्याची जागा गेली, भज्याचं हॉटेल गेलं, आता भांडेवाला. पैसे काढाले जागा वाढून राह्यल्या, खर्च कराले कमी होऊन राह्यल्या.

काकू


पुणे
१० मार्च २०२४

प्रिय काकू,

कागद मिळाले. गाळे रिकामे झाल्याचंही समजलं. तुम्ही आणि जगदेवभाऊंनी किती समजूतदारपणे घेतलंत!

काम लवकरच सुरू होईल. नव्या गाळ्यांचं माप, शटर, लाइट या सगळ्याचं अजून ठरायचं आहे, त्यामुळे आत्ताच काही सांगत नाही. चक्की नीट झाकून ठेवा, पट्ट्याला उंदीर लागतात.

मुलांच्या परीक्षा चालू आहेत, म्हणून घाईत लिहिते.

रूपाली


कारंजा
१९ जुलै २०२४

रूपाली,

आज आशीर्वाद लिवत नाही. हात होत नाही.

बोर्ड लागला. निळा, लायटीचा, दोन्ही गाळ्याइतका लांब. आत ए.सी., काचेचं दार, आन् जथी माह्या चक्कीचं तोंड होतं तथी पैसे काढाची मशीन.

तू म्हनलं होतं मागची भिंत पडाले आली. मागची भिंत तशीच उभी हाय. तिच्यावर फकस्त पांढरा रंग मारला. पाडली ते मधली भिंत. माह्या आन् जगदेवभाऊच्या मधातली. ते तं कोरडी ठण्ण होती.

सांगून द्याचं होतं ना वं. आमी का कोर्टात गेलो असतो? गेलो बी असतो. तो आमचा हक्क होता का नाही?

माह्यं जाऊ दे, मी साठीची झाली. जगदेवभाऊचं ऐक. त्यानं मशीन घरी मांडली. त्याच जागी, जथून त्याचा बाप रस्त्यावर आला होता. वस्तीतले लोक येतेत, ब्लाउज, पोट्ट्यायचे कपडे. पन शाळेचे गणवेश गेले. शाळावाले म्हणतेत, रस्त्यावर दुकान नाही तं पालकायले पाठवाव कोठी? तालुक्याचे वकील त्याच्याकडून कोट शिवत, ते बी गेले. रोज नऊ वाजता आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून तो निंगते. बँकेच्या समोरच्या बाजूनं दोन चकरा मारते आन् घरी जाते. त्याची बायको हेमला मले मंदिराजवळ भेटली तवा सांगे. म्हणे, "माय, पंचेचाळीस वर्साची सवय हाय घराले. नऊ वाजता मानूस निंगाच लागते."

मले रस्त्यात पाह्यलं की तो दुसऱ्या बाजूनं जाते. एक शब्द बोलला नाही. बोलला असता, शिव्या देल्या असत्या तं बरं वाटलं असतं. सही त्यानं माह्या शब्दावर केली होती.

तुह्या बाबाची पोरगी म्हणून म्या जबान देली. आता तूच सांग, मी त्याच्यापुढे तोंड कसं न्याव?

रुख्मिणी


पुणे
१ ऑगस्ट २०२४

काकू,

तुमचं पत्र आलं त्याला पाच दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि पहिलं वाक्य खोटं येतं, म्हणून फाडते. आज सरळ लिहिते.

मी खोटं बोलले. कुठलाही इंजिनिअर आला नव्हता. मागची भिंत ओलावते हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तेवढ्याच खऱ्या गोष्टीवर मी बाकीचं रचलं.

दिवाळीत एक मध्यस्थ भेटला. बँकेला त्या रस्त्यावर जागा हवी होती, दोन गाळे एकत्र. म्हणाला, जुने भाडेकरू सरळ उठत नाहीत, कोर्टात वर्षं जातात. इमारत धोक्याची आहे म्हणा, लिहून घ्या, मग कटकट नाही. मी त्याला दरवाजा दाखवायला हवा होता. मी विचारलं, "कागदाचा मजकूर कोण लिहून देईल?"

मला पैशांची फार गरज होती असं लिहायला आवडलं असतं. तशी नव्हती. घर आहे, दोघांच्या नोकऱ्या आहेत. सोपं होतं म्हणून केलं. दूर होते म्हणून केलं. इथे बसून तुम्ही दोघं मला माणसं दिसतच नव्हता, सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखे दिसत होता.

आणि जगदेवभाऊंना मी स्वतः लिहिलं नाही, तुमच्या हातून करवून घेतलं. ते तुमचा शब्द मोडणार नाहीत हे मला माहीत होतं. यातलं सगळ्यात वाईट ते हेच. भिंतीचं खोटं मी केलं, पण त्यांच्यापर्यंत ते चालत गेलं ते तुमच्या पायांनी.

बँकेशी करार नऊ वर्षांचा आहे. वकिलांना विचारलं, माझ्या बाजूनं मोडता येत नाही. हेही तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर तुम्ही वाट बघाल.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला बाबांनी कधीच सांगितली नव्हती, ती सदऱ्याच्या मापाची. सांगितली असती तर मी थांबले असते का? हो म्हणायची हिंमत होत नाही.

मला जगदेवभाऊंना भेटायचं आहे. ते दारात उभं करतील का?

तुमची म्हणवून घ्यायचा हक्क नसलेली,
रूपाली


कारंजा
२३ ऑगस्ट २०२४

चि. रूपाली,

तुह्यं पत्र दोनदा वाचलं. तू खरं लिवलं, आता मले बी लिवाच लागते. नाहीतर मागच्या पत्रात तुले जे बोलली ते बोलाचा मले काही हक्क नव्हता.

मले मालूम होतं.

जानेवारीत, तुह्यं पत्र येऊन चार-पाच दिवस झाले होते. सकाऊन चक्की सुरू कराच्या आधी एक मानूस टेप घेऊन आला आन् मापं घ्याले लागला. म्या इचारलं, इंजिनिअर हाय का बापा? तो हसला. म्हणे, कायचा इंजिनिअर मावशी, बँक येऊन राह्यली अथी. मले कमी ऐकू येते म्हणून त्यानं कानाजवळ येऊन जोरानं सांगितलं. दोनदा सांगितलं. ऐकाले चूक झाली असं म्हनाले बी जागा नाही.

मी खाली बसली. त्यानं पानी देलं. मंग घरी कोन कोन हाय इचारलं. म्या पवनचं सांगितलं, बारावी झाला, दोन वर्सापासून घरी हाय. तो म्हणे, "मशीनवर गार्ड लागन. ठेकेदार माह्या ओळखीचा हाय. पोराचं नाव टाकतो. पन मावशी, गाळे सुरळीत खाली झाले पायजेन. शेजारच्यायले आत्ताच काही बोलू नका."

जगदेवभाऊची सही तवा व्हायची होती. हे ध्यानात घे पोरी. आठ दिवस बाकी होते. त्या आठ दिवसांत मी त्याच्यासंग रोज च्या पेली. त्यानं मले इचारलं, इंजिनिअर कवा आला? आन् म्या म्हनलं, जेवाले गेला असशीन तवा आला असन. तुले पत्रात ते लिवलं तवा मले वाटलं, आपन काहीच खोटं लिवून नाही राह्यलो. जे बोललो तेच लिवून राह्यलो.

जुलैत तुले असं लिवलं की मलेच कोनी फसवलं. लिवता लिवता मले ते खरं वाटाले लागलं होतं.

पवन एक तारखेपासून लागला. गार्डाचा ड्रेस भेटला तं पँट चार बोटं लांब. मी घरी नव्हती, अनसिंगले बहिनीकडे गेलती. पोट्टं सरळ जगदेवभाऊच्या घरी गेलं, आन् जाईन कोठी? जन्मापासून त्याचे सारे कपडे त्यायनंच शिवले. मी वापस आली तं पँट बरोबर झालेली.

म्या इचारलं, "कोनी केली?"

"जगदेवकाकानं."

"काही बोलले का?"

"नाही. उभं राह्य म्हणे, माप घेतलं, शिवून देली. पैसे देऊन राह्यलो तं घेतले नाही."

खिशावर बँकेचं नाव हाय त्या ड्रेसच्या. ते हातात धरून त्यानं शिवलं असन. त्या दिवसापासून मले जेवन गोड लागत नाही. पवन रोज नऊ वाजता काचेच्या दाराजवळ उभा राह्यते आन् समोरून जगदेवभाऊ दोन चकरा मारते. पवन त्याले हात दाखवते. तो बी दाखवते, म्हणे.

हे कोनाले सांगितलं नाही. तुले सांगितलं, कारन तू बी तशीच हाय.

काकू


पुणे
७ ऑक्टोबर २०२४

काकू,

मी कारंज्याला येऊन गेले. तुमच्या दारावरून गेले आणि आत आले नाही, त्याबद्दल आधी माफी. जगदेवभाऊंना भेटायच्या आधी तुम्हाला भेटले असते, तर तुम्हालाच मध्ये घातलं असतं. ते एकदा करून झालंय.

त्यांचं घर विचारत विचारत गेले. हेमलाताईंनी दार उघडलं, ओळखलं, आणि खुर्ची पुसली. ते मशीनवर होते. मुलगी धम्मदीपा सुट्टीवर आली होती, ती वाशिमला दवाखान्यात नर्स आहे. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, जे तुम्हाला लिहिलं तेच, काही न गाळता. तेवढा वेळ त्यांनी मशीनचं चाक हातानं धरून ठेवलं होतं.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "बसा."

मग मी सांगितलं की चौकापलीकडच्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी आहे. बाबांची बैठकीची. त्याच मध्यस्थानं आणखी एका बँकेच्या मशीनसाठी ती मागितली होती, मी नाही म्हटलं. "ती तुमची. भाडं नको, काही नको," मी म्हणाले.

यावर धम्मदीपा बोलली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "ताई, फुकट काहून?"

मी म्हटलं, "माझ्या हातून चूक झाली म्हणून."

"म्हणजे तुमचं मन हलकं व्हावं म्हणून. आणि दोन वर्षांनी मन हलकं झालं की? मग पुन्हा एक भिंत ओली होईल."

जगदेवभाऊ तिला गप्प करतील असं मला वाटलं. त्यांनी केलं नाही. ते म्हणाले, "रूपालीबाई, तुमच्या वडिलांनी माझ्या बापाला जागा दिली त्याला लोक उपकार म्हणतात. माझा बाप कधी म्हणाला नाही. तो म्हणे, दौलतरावानं इतरांकडून जे भाडं घेतलं तेच माझ्याकडून घेतलं, एक पैसा कमी नाही, आणि पावती दिली. दुसरे एक तर जागा देत नव्हते, नाहीतर दया करत होते. दौलतरावानं व्यवहार केला. मला तेच पाहिजे."

त्यांच्या अटी अशा: रस्त्यावर चालतं तेच भाडं. करार नोंदणी करून, नऊ वर्षांचा, बँकेला दिला तसाच. धम्मदीपाचं नावही करारात. आणि जुना कागद, तो "स्वखुशीने" लिहिलेला, त्यांच्या हातात परत.

मी तो पर्समधून नेला होता. दिला. त्यांनी तो मुलीला वाचायला दिला. तिनं वाचला आणि वडिलांना विचारलं, "बाबा, हे वाचून सही केली होती?" ते म्हणाले, "वाचून केली होती." हेमलाताईंनी चहा आणला. मी प्यायले.

शुक्रवारी करार नोंदवला आणि किल्ली दिली. त्यांनी ती घेतली, सही केली, नमस्कार केला. सगळं नीट झालं. मला वाटलं होतं की परतीच्या गाडीत बरं वाटेल. तसं वाटलं नाही. त्यांच्या बापाच्या जागी ए.सी. चालू आहे आणि नऊ वर्षं चालू राहणार आहे.

तुमचं मी त्यांना काहीही सांगितलेलं नाही. ते सांगणं माझं नाही.

रूपाली


कारंजा
७ डिसेंबर २०२४

चि. रूपालीले काकूचे आशीर्वाद.

पत्र लिवाले दोन महिने लागले, रागावू नको. सांगण्यासारखं व्हायची वाट पाहत होती.

तुह्यं पत्र आलं त्याच्या चवथ्या दिवशी मी जगदेवभाऊच्या घरी गेली. तो दुकानाचं सामान बांधून राह्यला होता. हेमलानं पाट देला. म्या म्हनलं, बसत नाही, आधी बोलू दे. आन् सांगितलं. टेपवाला मानूस, पवनची नोकरी, ते आठ दिवस, सारं. मले सोताचा आवाज ऐकू येत नाही तं मी जोरानं बोलते, तुले मालूम हाय. शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राह्यल्या. त्यायनं बी ऐकलं. म्हनलं, ऐकू दे.

जगदेवभाऊनं सुतळीची गाठ मारली. मंग माह्यासमोर आला, मले तोंड दिसन असा उभा राह्यला आन् हळूच बोलला. म्या त्याच्या होटावरून वाचलं.

"मले मालूम होतं वहिनी."

"कवापासून?"

"पवन पँट घेऊन आला तवापासून. म्या सहज इचारलं, नोकरीचं कवा जमलं रे? तो म्हणे, काका, जानेवारीतच बोलनं झालं होतं, आईसंग. पोरगं साधं हाय, त्याले काय मालूम त्यानं काय सांगितलं ते."

"मंग तू बोलला काहून नाही? येऊन भांडला काहून नाही?"

तो म्हणे, "तुमी येता का ते पाहत होतो."

रूपाली, ऑगस्टपासून ऑक्टोबर. त्याचं घर माह्या घरापासून किती लांब हाय? मधात एक विहीर आन् एक शाळा. तुले पुण्याहून येनं झालं आन् मले तेवढं चालनं झालं नाही.

मी त्याच्या पाया पडाले वाकली. तो मागे सरला. "नको," म्हणे. बस, तेवढंच. मी घरी आली.

पवनले सांगितलं. सारं सांगितलं. तो दोन दिवस कामावर गेला नाही, माह्यासंग बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ड्रेस घातला आन् गेला. नोकरी सोडून कोठी जाईन? जाताना म्हणे, "मले इचाराचं तं होतं." खरं हाय. त्याले बी इचारलं नव्हतं.

दुकान दिवाळीनंतर सुरू झालं. तुह्या बाबाच्या बैठकीत आता मोठं टेबल हाय, दोन मशिनी. बोर्डावर बापाचं नाव, त्याचं नाव आन् पोरीचं नाव. रस्त्यावरच्या साऱ्यायले त्यानं घरी जाऊन कार्ड देलं. बँकेच्या साहेबाले बी देलं. मले नाही देलं. गणवेशाचं काम पुढच्या सालापासून पुन्हा देतो म्हणतेत शाळावाले. एक वकील येऊन गेला. अजून पयल्यासारखं नाही.

परवा मी गेली. ब्लाउजचं कापड घेऊन. बोलावलं नव्हतं तरी गिऱ्हाईक म्हणून तं जाता येते, असा इचार केला. दोन बाया आधीपासून बसल्या होत्या, मी मागे उभी राह्यली. माह्यी पाळी आली. हेमलानं आतल्या बाजूले माप घेतलं, आन् तो टेबलाजवळ वही घेऊन बसला होता. कापड पाह्यलं, अस्तर लागन म्हणे. पेन उचलला. माह्याकडे पाह्यलं.

"नाव सांगा," म्हणे.

पस्तीस वर्सं त्या मानसानं माह्ये ब्लाउज शिवले. कवाच नाव लिवलं नाही. वहिनीचं, म्हणे आन् बाजूले ठेवे. तुह्ये काका मेले तवा त्यानं खांदा देला.

मागच्या बाया पाहून राह्यल्या होत्या. मले वाटलं, कापड उचलाव आन् जाव. मंग वाटलं, नाही. त्यानं इचारलं हाय तं सांगाचं.

म्या नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव, आडनाव, सारं. त्यानं नीट लिवलं, एक अक्षर सोडलं नाही. पावती फाडून हातात देली.

"मंगळवारी या, बाई."

मंगळवारी मी जाईन.

काकू